स्वस्त संगणकाची अदृश्य किंमत : महाविद्यालयीन संगणक-खरेदीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या खरेदी समितीसमोर संगणक-खरेदीचा विषय येतो तेव्हा तुलनात्मक तक्त्यात सामान्यतः तीन पुरवठादारांची दरपत्रके मांडलेली असतात आणि त्या तक्त्यातील अखेरची ओळ तेवढी काळजीपूर्वक वाचली जाते. न्यूनतम दर देणाऱ्यास आदेश दिला जातो, माल येतो, जडसंग्रह नोंदवहीत नोंद होते, देयक मंजूर होते. लेखापरीक्षणाच्या दृष्टीने हा व्यवहार निर्दोष असतो. पुढे दोन-तीन वर्षांत प्रयोगशाळेतील काही संगणकांवर कायमची आवरणे चढतात, विद्यार्थी दोघे-दोघे एका पडद्यासमोर बसू लागतात आणि प्रात्यक्षिकाच्या तासाचा आरंभ यंत्रे सुरू होण्याची वाट पाहण्यात जातो. या गोष्टींची नोंद करणारी नोंदवही मात्र कोणत्याही महाविद्यालयात नसते.

प्रस्तुत लेखाचा विषय हा नोंद न होणारा खर्च आहे. स्वस्त संगणक म्हणजे निकृष्ट संगणक, असे सरसकट समीकरण येथे मांडावयाचे नाही. तसे ते खरेही नाही. स्वस्ताई कोठून आली, ती आणण्यासाठी यंत्रातील नेमकी कोणती गोष्ट कमी केली गेली आणि त्या कपातीचा भार अखेर कोणावर पडला, हे प्रश्न येथे महत्त्वाचे मानले आहेत. महाविद्यालयात हा भार संस्थेच्या तिजोरीपेक्षा विद्यार्थ्याच्या वेळेवर आणि प्रयोगशाळा सहायकाच्या श्रमांवर अधिक पडतो, आणि म्हणूनच तो दिसत नाही.

स्वस्ताईचे दोन प्रकार

संगणकाची किंमत दोन कारणांनी कमी होते. पहिले कारण तंत्रज्ञानाच्या प्रगतीचे. तेवढ्याच आकाराच्या अर्धवाहक चकतीवर अधिक घटक बसू लागले, उत्पादन वाढले, दर उतरले. ही स्वस्ताई सर्वांच्या हिताची असते. दुसरे कारण काटछाटीचे. त्याच काळातील त्याच प्रकारच्या यंत्रांपेक्षा एखादे यंत्र लक्षणीय स्वस्त असेल, तर त्यातून काहीतरी काढून घेतलेले असते, किंवा त्याच्या किमतीचा काही भाग दुसऱ्या मार्गाने वसूल होणार असतो. जाहिरातीत या दोन्ही स्वस्ताया एकाच भाषेत बोलतात. त्यामुळे ग्राहकाला त्यांतील भेद कळत नाही.

याचे एक जुने उदाहरण उद्बोधक आहे. ब्रिटनमधील सिंक्लेअर कंपनीने १९८१ मध्ये 'झेडएक्स ८१' हा घरगुती संगणक बाजारात आणला. तयार स्थितीत त्याची किंमत ६९.९५ पौंड होती, तर सुटे भाग स्वतः जोडणाऱ्यास तो ४९.९५ पौंडांत मिळे. पडदा म्हणून घरातील दूरचित्रवाणी संच वापरावयाचा होता. त्याची स्मृती केवळ १ किलोबाइट होती. म्हणण्यासारखे काही काम करावयाचे तर १६ किलोबाइटची जोडपेटी घ्यावी लागे, आणि तिची किंमत सुट्या भागांतील मूळ संगणकाइतकीच होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण येथे शब्दशः लागू पडावी. शिवाय ही पेटी यंत्राच्या मागील बाजूस सैलसर बसे; टेबलाला धक्का लागला तरी संपर्क तुटे आणि तासभर बसून लिहिलेली आज्ञावली पुसली जाई. तथापि, या यंत्रावर अनेक तरुणांनी प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे गिरवले, हेही तितकेच खरे. यंत्रात काय आहे व काय नाही हे ज्याला नीट ठाऊक होते, त्याच्यासाठी ते उपयुक्त होते. ज्याने ते 'संगणक' या एका शब्दावर विसंबून घेतले, त्याची निराशा झाली.

किंमत आणि खर्च

व्यवस्थापनशास्त्रात या भेदासाठी 'एकूण स्वामित्व खर्च' ही संज्ञा वापरतात. संगणकाच्या संदर्भात गार्टनर या संशोधन व सल्लागार संस्थेने १९८७ मध्ये ती रूढ केली. खरेदीची किंमत, त्यात मिळवावयाचा जोडणी, वीज, देखभाल, दुरुस्ती, प्रशिक्षण व आज्ञावलींचा खर्च, यंत्र बंद असल्यामुळे वाया गेलेले मनुष्यतास आणि अखेरीस विल्हेवाटीचा खर्च, या सर्वांची बेरीज म्हणजे त्या यंत्राची खरी किंमत. उद्योगसंस्थांनी ही कल्पना स्वीकारली, कारण त्यांच्याकडे कर्मचाऱ्याच्या तासाला मोल असते. शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याच्या तासाला हिशेबात मोल नसते. या एका कारणामुळे स्वस्त संगणक महाविद्यालयात कार्यालयापेक्षा अधिक काळ 'परवडत' राहतो.

उदाहरणादाखल एक काल्पनिक हिशेब मांडता येईल. तीस संगणकांची एक प्रयोगशाळा आहे. स्वस्त संगणक २४,००० रुपयांचा आणि तीन वर्षे नीट चालणारा. दुसरा ३६,००० रुपयांचा आणि सहा वर्षे चालणारा. खरेदीच्या दिवशी फरक ३,६०,००० रुपयांचा दिसतो. वापराच्या वर्षांनी भागले असता पहिल्याचा वार्षिक भार ८,००० रुपये आणि दुसऱ्याचा ६,००० रुपये येतो. आता वेळेचा विचार करू. मंद साठवणीमुळे प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या प्रारंभी केवळ चार मिनिटे अधिक गेली, असे धरले तरी तीस विद्यार्थ्यांची मिळून १२० मिनिटे, म्हणजे एका तुकडीमागे दोन विद्यार्थी-तास जातात. दिवसाला तीन तुकड्या आणि वर्षाला १८० दिवस धरल्यास हा आकडा १,०८० तासांवर जातो. विजेचेही तसेच. निकृष्ट वीजपुरवठा-पेटीमुळे आणि जुन्या धाटणीच्या प्रक्रियकामुळे प्रत्येक यंत्र ४० वॅट अधिक घेत असेल, तर दिवसाला सहा तास व वर्षाला २०० दिवस या दराने तीस यंत्रांमागे १,४४० युनिटे जादा खर्च होतात; युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाला १४,४०० रुपये. ते वीज देयकात येतात, संगणकाच्या खात्यावर नाही. प्रत्येक महाविद्यालयाने हे आकडे स्वतःच्या अनुभवाप्रमाणे बदलून पाहावेत; हिशेबाची पद्धत तीच राहील.

काटछाट कोठे होते

विक्रेत्याच्या पत्रकात प्रक्रियकाचे नाव, स्मृतीचे आकारमान, साठवणीचे आकारमान आणि पडद्याचे माप ही चार वैशिष्ट्ये ठळक अक्षरांत असतात. ग्राहक याच चार गोष्टींची तुलना करतो, हे उत्पादकास ठाऊक असते. साहजिकच काटछाट पाचव्या, सहाव्या आणि सातव्या गोष्टीत होते.

जोडणी केलेल्या मेजावरील संगणकात ही पाचवी गोष्ट बहुधा वीजपुरवठा-पेटी, म्हणजे एस.एम.पी.एस. असते. मंत्रिमंडळाच्या छायाचित्रात सुरक्षारक्षक दिसत नाहीत, तशी ही पेटी दरपत्रकात दिसत नाही. 'कॅबिनेटसह' या एका शब्दात ती गुंडाळलेली असते. तिच्यावर ४५० वॅट असे छापलेले असले तरी ती तेवढा भार सातत्याने पेलेल याची खात्री नसते. दाबाचे चढउतार ती गाळू शकली नाही, तर त्याचा परिणाम मदरबोर्डवर आणि हार्ड डिस्कवर होतो, आणि दोष त्या भागांच्या माथी मारला जातो. वीजपुरवठा-पेट्यांची कार्यक्षमता तपासणारी '८० प्लस' ही ऐच्छिक प्रमाणन योजना २००४ मध्ये सुरू झाली. पूर्ण भाराच्या २०, ५० व १०० टक्के अशा तिन्ही पातळ्यांवर किमान ८० टक्के कार्यक्षमता, हा तिचा मूळ निकष होता. असे प्रमाणन असलेली पेटी थोडी महाग पडते. ग्रामीण व निमशहरी भागांत विजेचा दाब दिवसातून अनेकदा वरखाली होतो आणि इमारतीतील भूसंपर्कन कित्येकदा नावापुरते असते. तेथे ही बचत सर्वाधिक महागात पडते.

मदरबोर्डवरील कॅपॅसिटर हा असाच एक दुर्लक्षित भाग होय. १९९९ ते २००७ या सुमाराच्या काळात सदोष विद्युत-अपघटनी द्रव भरलेले कॅपॅसिटर मोठ्या प्रमाणावर वापरात आले. काही महिन्यांत किंवा एक-दोन वर्षांत त्यांची टोके फुगत, द्रव गळे आणि संगणक कारणाशिवाय बंद पडू लागे. ज्यांनी त्या काळात प्रयोगशाळा सांभाळली, त्यांना फुगलेल्या टोपीचे ते छोटे नळकांडे ओळखता येते. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हा दोष केवळ नाव नसलेल्या यंत्रांत नव्हता. डेल कंपनीच्या 'ऑप्टिप्लेक्स' मालिकेतील २००३ ते २००५ या काळातील काही प्रतिमानांतही तो आढळला. काही पैशांच्या घटकातील दोष हजारो रुपयांचे यंत्र निकामी करतो, हा त्यातील बोध. नाममुद्रा पाहून खरेदी केली की काम झाले, असे मानणाऱ्यांनाही तो लागू आहे. फरक पडतो तो नंतर. मोठी कंपनी ग्राहकाच्या रेट्यामुळे बोर्ड बदलून देते. गल्लीतील जुळणीकार तोपर्यंत दुसऱ्या व्यवसायात गेलेला असतो.

लॅपटॉपच्या बाबतीत काटछाटीचे स्वरूप वेगळे आहे. स्वस्त लॅपटॉपांत साठवणीसाठी 'ई.एम.एम.सी.' प्रकारची स्मृती मदरबोर्डवरच डाखलेली असते. मोबाइल संचासाठी ती योग्य असली, तरी अनेक बारीक फायली एकाच वेळी वाचण्या-लिहिण्याच्या कामात ती एस.एस.डी.पेक्षा पुष्कळ मंद पडते. आणि ती बिघडली तर काढून दुसरी बसवता येत नाही, संपूर्ण बोर्ड बदलावा लागतो. ३२ गिगाबाइटची अशी साठवण असलेले लॅपटॉप विंडोज १० सह मोठ्या संख्येने विकले गेले. कार्यप्रणाली, तिच्या अद्ययावतीकरणासाठी लागणारी मोकळी जागा आणि एक-दोन नेहमीच्या आज्ञावली एवढ्यानेच ती भरून जाई. पुढील अद्ययावत आवृत्तीस जागा उरत नसे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी किमान ६४ गिगाबाइट साठवण आवश्यक ठरली, तेव्हा ही यंत्रे एका फटक्यात शर्यतीबाहेर गेली. स्मृतीही अशीच डाखलेली असेल आणि मोकळी खाच नसेल, तर 'पुढे वाढवून घेऊ' हा विचार व्यर्थ ठरतो.

पडद्याचा प्रश्न मराठी वाचकाने विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. १३६६ × ७६८ बिंदूंच्या स्वस्त पडद्यावर रोमन अक्षरे ठीक दिसतात. देवनागरीत मात्र रफार, अनुस्वार, उकार आणि जोडाक्षरे एकाच अक्षराच्या वर-खाली दाटीवाटीने येतात. बारीक टंकात 'द्ध' आणि 'द्घ', 'ष्ट' आणि 'ष्ठ' यांतील भेद पुसट होतो. कोनातून पाहिले असता पडद्याचे रंग बदलत असतील, तर शेजारी बसलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्यास काहीच धड दिसत नाही. मराठी मजकुराचे मुद्रितशोधन अशा पडद्यावर करणाऱ्या प्राध्यापकाच्या डोळ्यांचा हिशेब कोणत्या शीर्षाखाली धरावयाचा?

विज्ञान शाखेतील एक अडचण तर खरेदीच्या वेळी कोणाच्याच ध्यानात येत नाही. रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र विभागांतील अनेक जुनी उपकरणे संगणकाशी आर.एस.-२३२ प्रकारच्या क्रमिक जोडणीने बोलतात. मराठी मुद्राक्षरजुळणीच्या काही जुन्या आज्ञावलींचे कुलूपही संगणकाच्या समांतर जोडणीत बसवावे लागे. किंमत उतरविताना या जोडण्या सर्वप्रथम गेल्या. संगणक नवा आला आणि लाखो रुपयांचे वर्णपटमापक मुके झाले, असा प्रसंग टाळावयाचा तर खरेदीपूर्वी संबंधित विभागास एक प्रश्न विचारणे पुरेसे असते. बहुधा तो विचारला जात नाही.

'आकाश'चा धडा

स्वस्त संगणकाचा भारतातील सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे 'आकाश' हा टॅब्लेट संगणक. राष्ट्रीय माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाधारित शिक्षण अभियानाच्या अंतर्गत ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्ली येथे तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. डेटाविंड या कंपनीने तो पुरविला होता, आणि आय.आय.टी. राजस्थान या संस्थेकडे प्रकल्पाची जबाबदारी होती. शासनास तो २,२७६ रुपयांस पडत होता. विद्यार्थ्यास अनुदानित दराने याहूनही कमी किमतीत तो मिळावा, अशी योजना होती. या किमतीने जगाचे लक्ष वेधले. व्यापारी आवृत्तीसाठी लाखो लोकांनी आगाऊ नोंदणी केली.

यंत्रात काय होते? ३६६ मेगाहर्ट्झचा प्रक्रियक, २५६ मेगाबाइट स्मृती, सात इंची पडदा आणि अँड्रॉइड २.२ ही कार्यप्रणाली. पडदा दाबावर चालणारा होता, म्हणजे बोटाच्या हलक्या स्पर्शाला तो दाद देत नसे. प्रत्यक्ष वापरात तो मंद चालतो, तापतो, विजेरी लवकर संपते, अशा तक्रारी आल्या. पुढे चाचणीच्या निकषांवरून संस्था व कंपनी यांच्यात वाद निर्माण झाला. संस्थेला पाऊस, धक्के व खडतर हाताळणी सोसणारे यंत्र हवे होते. ठरलेल्या किमतीत असे निकष पूर्ण करणे शक्य नाही, असा कंपनीचा आक्षेप होता. कोणाचे म्हणणे बरोबर, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी या वादाचे मूळ स्पष्ट दिसते. किंमत सर्वांच्या मनात पक्की होती, पण त्या किमतीत कोणते काम व्हावे याविषयी एकवाक्यता नव्हती.

२०१२ मध्ये प्रकल्प पवई येथील आय.आय.टी. मुंबईकडे आला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' प्रसिद्ध झाला. प्रक्रियक १ गिगाहर्ट्झचा, स्मृती ५१२ मेगाबाइट आणि पडदा स्पर्शास तत्पर. किंमत मात्र जवळपास पूर्वीइतकीच, २,२६३ रुपये. अवघ्या तेरा महिन्यांतील हा बदल वर उल्लेखिलेल्या पहिल्या प्रकारच्या स्वस्ताईचे उत्तम उदाहरण आहे. आय.आय.टी. मुंबईत यंत्राबरोबरच त्यावर चालणारे शैक्षणिक साहित्य आणि अध्यापकांचे प्रशिक्षण यांवर भर देण्यात आला. प्रोग्रॅमिंगचा सराव, सायलॅबसारखी गणनसाधने, वर्गात प्रश्न विचारून तत्काळ उत्तरे गोळा करण्याची सोय अशा गोष्टी तेथे तयार झाल्या. तरीही तीन तासांच्या आसपास टिकणारी विजेरी ही मर्यादा राहिलीच. ज्या वर्गखोलीत चाळीस विद्यार्थी आणि दोन विजेचे सॉकेट असतात, तेथे दुपारच्या सत्रात असे यंत्र कितपत उपयोगी पडणार, हे कोणाही प्राध्यापकास सांगता आले असते.

'आकाश'च्या आधी अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरांच्या लॅपटॉपची कल्पना मांडली होती. प्रत्यक्षात २००७ मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा त्याची किंमत दोनशे डॉलरांच्या घरात गेली. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच ही योजना नाकारली. तथापि रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैरात या छोट्या वस्तीच्या शाळेत २००७ मध्ये त्याचा प्रायोगिक वापर झाला. पेरू या देशाने मात्र आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास आंतर-अमेरिकी विकास बँकेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. गणित व भाषा यांतील संपादणुकीवर या वाटपाचा परिणाम झाल्याचा पुरावा त्यात आढळला नाही. सर्वसाधारण बौद्धिक कौशल्यांत मात्र काही अनुकूल फरक दिसला. यंत्रे पोहोचली होती, वापरलीही जात होती. परंतु त्यांच्याभोवती जे असावयास हवे, ते पुरेसे नव्हते. स्वस्त यंत्राच्या आकर्षणात त्याच्याभोवतीचा खर्च कोणी मांडत नाही, हे येथे मोठ्या प्रमाणावर दिसून आले.

आज्ञावलींतील छुपे दोष

आतापर्यंतचे दोष पेचकस घेऊन उघडले तर दिसणारे आहेत. आज्ञावलींतील दोष त्याहून गहन होत. त्यांपैकी पहिला कालमर्यादेचा. संगणकास औषधाच्या बाटलीसारखी समाप्तीची तारीख असते, पण ती खोक्यावर छापलेली नसते. विंडोज १० चे नियमित विनामूल्य साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला विशिष्ट सुरक्षा-घटक आणि ठरावीक पिढीनंतरचाच प्रक्रियक लागतो. साहजिकच ही अट पूर्ण न करणारी यंत्रे बाजारात फार स्वस्त झाली. ती धडधाकट असतात, पण ज्या कार्यप्रणालीसह विकली जातात तिचे आयुष्य सरलेले असते. क्रोमबुक या प्रकारातही हाच प्रश्न होता: अद्ययावतीकरणाची मुदत त्या प्रतिमानाच्या पदार्पणापासून मोजली जाई, खरेदीच्या दिवसापासून नव्हे. सवलतीत मिळालेले जुने प्रतिमान म्हणूनच कमी आयुष्याचे असे. सप्टेंबर २०२३ मध्ये गुगलने ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढविण्याचे जाहीर केले.

दुसरा दोष अनधिकृत प्रतीचा. जुळणीच्या संगणकाबरोबर कार्यप्रणाली 'टाकून' मिळते, तेव्हा तिची किंमत शून्य नसते. ती पुढे ढकललेली असते. अशा प्रतीत सुरक्षाविषयक अद्ययावतीकरण बहुधा बंद ठेवलेले असते. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. त्याने ज्या दोषाचा लाभ घेतला, त्यावरील उपाय मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आपल्या साहाय्याखालील आवृत्त्यांसाठी उपलब्ध करून दिला होता. ज्यांनी तो बसविला नव्हता, त्यांची यंत्रे सापडली. परीक्षा विभागाच्या संगणकावरील गुणपत्रके अशा प्रसंगी कुलूपबंद झाली, तर वाचविलेल्या काही हजार रुपयांची तुलना कशाशी करावयाची?

तिसरा दोष आधीच भरून दिलेल्या आज्ञावलींचा. किमतीची स्पर्धा तीव्र असते तेव्हा उत्पादक इतर कंपन्यांकडून पैसे घेऊन त्यांच्या आज्ञावली यंत्रात घालतो. लेनोव्हो कंपनीच्या २०१४ च्या अखेरीस विकल्या गेलेल्या काही घरगुती लॅपटॉपांत 'सुपरफिश' नावाची जाहिरात-आज्ञावली होती. जाहिराती दाखविण्यासाठी ती सुरक्षित संकेतस्थळांशी होणाऱ्या संवादाच्या मध्ये शिरत असे. त्यासाठी तिने यंत्रात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसविले होते, आणि त्याची गुप्त किल्ली सर्व यंत्रांत एकच होती. ती एकाच्या हाती लागली, तर सर्वांचे बँक-व्यवहार उघडे पडण्याचा धोका होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे प्रकरण उघडकीस आले. त्याच कंपनीच्या कार्यालयीन वापराच्या 'थिंकपॅड' मालिकेत ही आज्ञावली नव्हती, ही बाब बोलकी आहे.

संख्येचा मोह

एवढे असूनही महाविद्यालये सर्वांत स्वस्त संगणक का घेतात? निधीची कमतरता हे उत्तर खरे, पण अपुरे आहे. मूल्यांकनात संगणक मोजले जातात, चालतात की नाही हे क्वचितच पाहिले जाते. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या २०१७ मध्ये लागू झालेल्या सुधारित पद्धतीत 'विद्यार्थी-संगणक गुणोत्तर' हा एक मोजमापाचा निकष होता. त्याच निधीत तीसऐवजी पंचेचाळीस यंत्रे आली की गुणोत्तर सुधारते. संख्येचा हा मोह समजण्याजोगा आहे. तथापि, पंचेचाळीसपैकी पंधरा यंत्रे दुरुस्तीच्या प्रतीक्षेत असतील, तर मूळ तीसच चांगली होती, हे लक्षात येईपर्यंत अनुदान खर्ची पडलेले असते. शिवाय ज्या घरात दुसरा संगणक नाही, त्या विद्यार्थ्यासाठी प्रयोगशाळेतील यंत्र हेच एकमेव असते. ज्याच्या घरी चांगले यंत्र आहे, त्याला महाविद्यालयातील मंद संगणकाची झळ लागत नाही. २०२० मधील टाळेबंदीनंतर ऑनलाइन अध्यापन आणि परीक्षा सुरू झाल्या, तेव्हा हा फरक निकालापर्यंत पोहोचला.

येथे केरळचे उदाहरण द्यावयास हवे. त्या राज्याने 'आयटी@स्कूल' प्रकल्पातून, आणि २०१७ पासून 'काइट' या शासकीय कंपनीमार्फत, शाळांत मुक्त आज्ञावली वापरल्या. परवान्याचा खर्च वाचला, आणि तो वाचविण्यासाठी अनधिकृत प्रतींकडे वळावे लागले नाही. हजारो वर्गखोल्यांसाठी घेतलेल्या लॅपटॉपांना पाच वर्षांची वॉरंटी मागण्यात आली, आणि शिक्षकांचे प्रशिक्षण हा योजनेचा भाग ठरला. स्वस्ताई येथेही होती, परंतु ती एकत्रित खरेदीतून व मुक्त आज्ञावलींतून आली. रास्पबेरी पाय या २०१२ मध्ये आलेल्या ३५ डॉलरांच्या संगणकाबद्दलही असेच म्हणता येईल: पडदा, कळफलक, वीजपुरवठा व स्मृतिपत्र वेगळे घ्यावे लागेल, हे त्यात लपविलेले नव्हते.

निविदेतील शब्द

न्यूनतम दराचा नियम बदलणे महाविद्यालयाच्या हाती नसते. पण तो दर कोणत्या वस्तूचा, हे ठरविणे पूर्णतः त्याच्या हाती असते. द्विलिफाफा पद्धतीत तांत्रिक लिफाफा आधी उघडतो, तो याचसाठी. 'आय-३ किंवा समतुल्य, ८ जी.बी., ५१२ जी.बी.' एवढ्या ओळीवर मागविलेल्या दरांची तुलना होऊच शकत नाही, कारण 'समतुल्य' या शब्दाखाली दहा वर्षांपूर्वीचा प्रक्रियकही बसतो. प्रक्रियकाची पिढी, साठवणीचा प्रकार, स्मृतीची मोकळी खाच, वीजपुरवठा-पेटीचे प्रमाणन, पडद्याचे बिंदू, जोडण्यांची यादी, कार्यप्रणालीच्या साहाय्याची अंतिम तारीख आणि जागेवर येऊन दिली जाणारी तीन ते पाच वर्षांची वॉरंटी या बाबी निविदेत लिहिल्या, तर न्यूनतम दर देणाराही बांधला जातो. 'वॉरंटी तीन वर्षे' आणि 'जागेवर वॉरंटी तीन वर्षे' यांत एका शब्दाचा फरक असला, तरी पहिल्यात बंद यंत्र रिक्षात घालून सेवाकेंद्रात नेण्याचे काम प्रयोगशाळा सहायकाचे असते.

नूतनीकृत संगणक घेणेही गैर नाही. मोठ्या कंपन्यांनी भाडेकरार संपल्यावर परत केलेली कार्यालयीन यंत्रे नव्या स्वस्त यंत्रांपेक्षा दणकट असू शकतात. मात्र विजेरीची उरलेली क्षमता, एस.एस.डी.चा झालेला वापर आणि कार्यप्रणालीचा वैध परवाना यांची लेखी नोंद मागावी. निर्लेखनाचाही विचार खरेदीच्या वेळीच केलेला बरा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत एका आर्थिक वर्षात एक हजार वा त्याहून अधिक उपकरणे वापरणारी संस्था 'घाऊक ग्राहक' ठरते, आणि तिने कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच देणे बंधनकारक आहे. लवकर मरणारी यंत्रे घेणाऱ्या संस्थेस हा सोपस्कार दुप्पट वेळा करावा लागणार.

माल ताब्यात घेताना खोकी मोजून सही करण्याची प्रथा आहे. त्याऐवजी दर दहा यंत्रांमागे एक यंत्र पुरवठादाराच्या प्रतिनिधीसमोर उघडून वीजपुरवठा-पेटीवरील चिठ्ठी, स्मृतीच्या पट्ट्या आणि साठवणीचा प्रकार निविदेशी ताडून पाहावा, अनुक्रमांक जडसंग्रह नोंदवहीत लिहून घ्यावेत, आणि हे सर्व देयकावर प्राचार्यांची सही होण्यापूर्वी करावे.